चित्रपटगृहसाखळ्यांचे एकत्रीकरण

एकाच मालकीच्या वा एकाच व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या, निरनिराळ्या ठिकाणच्या चित्रपटगृहांच्या समूहास चित्रपटगृहसाखळी म्हणतात. अशा एका साखळीने दुसरी विकत घेणे किंवा दोन साखळ्या एका कंपनीत विलीन होणे, यास एकत्रीकरण अशी संज्ञा आहे. त्याचे दोन प्रकार आढळतात. प्रदर्शन व्यवसायातीलच दोन संस्था एकत्र आल्यास ते समस्तर एकत्रीकरण होय. निर्मिती, वितरण व प्रदर्शन ही अंगे एकाच संस्थेच्या हाती आल्यास त्यास उदग्र एकत्रीकरण म्हणतात.

आर्थिक स्वरूप : चित्रपटगृहाचा बराचसा खर्च स्थिर असतो. जागेचे भाडे, वीज, प्रक्षेपणयंत्रणा व कर्मचाऱ्यांचे वेतन हे खर्च प्रेक्षक आले तरी होतात आणि न आले तरी होतात. खेळ सुरू झाल्यावर रिकामी राहिलेली खुर्ची पुन्हा विकता येत नाही. साखळी जितकी मोठी तितका यंत्रखरेदी, तिकीटविक्रीची व्यवस्था, जाहिराती व खाद्यपदार्थ यांवरील दर पडद्यामागे होणारा खर्च कमी होतो. शिवाय तिकिटाच्या उत्पन्नातील वाटा ठरविताना वितरकांशी घासाघीस करण्याची शक्ती वाढते. भारतात एप्रिल ते जून २००९ या काळात निर्माते-वितरक आणि बहुपडदा चित्रपटगृहे यांच्यात अशाच वाट्यावरून संघर्ष होऊन नवीन हिंदी चित्रपटांचे प्रदर्शन थांबले होते. अखेरीस वितरकांना पहिल्या आठवड्यास ५०, दुसऱ्यास ४२.५, तिसऱ्यास ३७.५ व त्यानंतर ३० टक्के, असा वाटा ठरला.

व्यवहाराची पद्धती : आधुनिक साखळ्यांची बहुतेक चित्रपटगृहे भाडेपट्ट्याच्या जागेत असतात. त्यामुळे साखळीच्या विक्रीत इमारतींपेक्षा भाडेपट्ट्यांचे हक्क, परवाने, यंत्रसामग्री व नावलौकिक यांचेच हस्तांतरण प्रामुख्याने होते. काही वेळा केवळ चित्रपटगृहांचा व्यवसाय विकला जातो, तर काही वेळा कंपनीचे समभागच विकत घेतले जातात. भारतात नोंदणीकृत कंपनीचे २५ टक्के मताधिकार ओलांडणाऱ्या खरेदीदारास, ‘सेबी’च्या २०११ च्या नियमांनुसार, इतर भागधारकांचे आणखी किमान २६ टक्के समभाग घेण्याचा खुला प्रस्ताव मांडावा लागतो. विलीनीकरणात रोख रकमेऐवजी समभागांची अदलाबदल होते व त्यास राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी आवश्यक असते.

अमेरिकेतील इतिहास : १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील चित्रनिर्मितिसंस्थांनी चित्रपटगृहांच्या साखळ्या विकत घेण्याचा सपाटा लावला. पॅरामाउंट, लोज (मेट्रो-गोल्डविन-मेयर), वॉर्नर, ट्वेंटिएथ सेंचुरी-फॉक्स व आर्‌केओ या पाच संस्थांच्या हाती निर्मितीपासून प्रदर्शनापर्यंतचे सारे व्यवहार आले. हव्या असलेल्या एका चित्रपटाबरोबर नको असलेले अनेक चित्रपट स्वतंत्र चित्रपटगृहांच्या गळ्यात बांधण्याची प्रथा पडली. मे १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात ही व्यवस्था स्पर्धाविरोधी ठरविली आणि या संस्थांना आपली चित्रपटगृहे निर्मिती-वितरणाच्या व्यवसायापासून अलग करावी लागली. त्या निर्णयानंतरचे हुकूमनामे ऑगस्ट २०२० मध्ये एका संघीय न्यायालयाने रद्द केले.

पुढील काळात समस्तर एकत्रीकरणाचा जोर वाढला. १९६३ मध्ये स्टॅन्ली डरवुड याने कॅन्सस सिटी येथे दोन पडद्यांचे चित्रपटगृह उभारले. त्याचीच कंपनी पुढे ‘एएमसी’ या नावाने प्रसिद्धीस आली. १९९० नंतर अनेक पडद्यांची प्रशस्त संकुले कर्ज काढून बांधण्याची चढाओढ लागली व २०००-०१ मध्ये कित्येक साखळ्या दिवाळखोरीत निघाल्या. त्यांपैकी रीगल, युनायटेड आर्टिस्ट्स व एडवर्ड्स या तीन साखळ्या २००२ मध्ये एका छत्राखाली आणण्यात आल्या. एएमसी कंपनी २०१२ मध्ये चीनच्या वांडा समूहाने २६० कोटी डॉलरना घेतली. २०१६ मध्ये तिने कारमाइक ही साखळी घेतली, तेव्हा काही स्थानिक बाजारपेठांतील चित्रपटगृहे विकण्याची अट न्यायखात्याने घातली. वांडा समूह २०२१ मध्ये या कंपनीतून बाहेर पडला. ब्रिटनच्या सिनेवर्ल्डने २०१८ मध्ये रीगल साखळी विकत घेतली. परंतु त्यासाठी घेतलेल्या कर्जाचा भार व महासाथीतील टाळेबंदी यांमुळे सप्टेंबर २०२२ मध्ये तिला अमेरिकेतील दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला.

भारतातील इतिहास : भारतातील पहिली मोठी साखळी मुंबईत जन्मलेले पारशी व्यापारी जमशेटजी फ्रामजी मादन यांनी कलकत्त्यास उभारली. १९०२ मध्ये तंबूतील खेळांपासून आरंभ करून त्यांनी १९०७ मध्ये एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस हे कायम चित्रपटगृह सुरू केले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या ‘मादन थिएटर्स’ या कंपनीकडे पुढे भारत, ब्रह्मदेश व श्रीलंका येथील शंभराहून अधिक चित्रपटगृहे आली. बोलपटाच्या आगमनानंतर यंत्रसामग्रीचा वाढलेला खर्च व आर्थिक मंदी यांचा भार तिला पेलला नाही आणि १९३० नंतर थोड्याच वर्षांत तिची चित्रपटगृहे विकली गेली.

यानंतर दीर्घकाळ भारतातील बहुतेक चित्रपटगृहे स्वतंत्र मालकांच्याच हाती राहिली. १९९७ मध्ये दिल्लीतील साकेत येथे प्रिया व ऑस्ट्रेलियाची व्हिलेज रोडशो यांच्या संयुक्त कंपनीने (पीव्हीआर) पहिले बहुपडदा संकुल उघडले. आयनॉक्सचे पहिले संकुल २००२ मध्ये पुणे येथे सुरू झाले. २००४ मध्ये पणजी येथे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आला, तेव्हा तेथेही या कंपनीचे संकुल उभे राहिले. करसवलती व मोठ्या व्यापारी संकुलांची वाढ यांमुळे साखळ्यांचा विस्तार झपाट्याने झाला. पाठोपाठ त्यांची विक्रीही सुरू झाली. आयनॉक्सने २०१० मध्ये मुंबईच्या फेम कंपनीतील प्रवर्तकांचा हिस्सा व २०१४ मध्ये दिल्लीची सत्यम सिनेप्लेक्स घेतली. पीव्हीआरने २०१२ च्या अखेरीस मुंबईच्या सिनेमॅक्सचा ६९.२७ टक्के हिस्सा सु. ३९५ कोटी रुपयांस घेण्याचा करार केला. २०१६ मध्ये तिने डीटी सिनेमाज घेतली. मात्र दक्षिण दिल्लीतील स्पर्धा टिकावी म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने काही चित्रपटगृहे व्यवहारातून वगळावयास लावली. २०१८ मध्ये चेन्नईची एसपीआय सिनेमाज तिच्याकडे आली.

मार्च २०२० पासून चित्रपटगृहे अनेक महिने बंद राहिल्याने दोन्ही कंपन्यांना मोठा तोटा सोसावा लागला. २७ मार्च २०२२ रोजी त्यांनी विलीनीकरण जाहीर केले. आयनॉक्सच्या दर १० समभागांमागे पीव्हीआरचे ३ समभाग, असे प्रमाण ठरले. घोषणेच्या वेळी दोहोंचे मिळून १०९ शहरांत १,५४६ पडदे होते. महासाथीमुळे उलाढाल घटून कायद्यातील मर्यादेच्या आत आल्याने स्पर्धा आयोगाच्या पूर्वसंमतीची गरज उरली नाही. या विलीनीकरणाविरुद्धची तक्रार आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये फेटाळली. केवळ संभाव्य गैरवर्तनाच्या शंकेवरून चौकशी करता येत नाही, असे आयोगाचे मत पडले. विलीनीकरण फेब्रुवारी २०२३ मध्ये अंमलात आले व मे महिन्यात नव्या कंपनीने तोट्यातील सु. ५० पडदे बंद करण्याचे जाहीर केले.

परिणाम : एकत्रीकरणाचा इतिहास एकाच वास्तूतही पाहावयास मिळतो. मुंबईतील धोबीतलाव येथील मेट्रो हे चित्रपटगृह १९३८ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन संस्थेने स्वतःच्या चित्रपटांसाठी बांधले. कालांतराने ते भारतीय मालकीत आले. २००६ मध्ये अ‍ॅडलॅब्जने त्याचे बहुपडदा संकुलात रूपांतर केले व पुढे ते आयनॉक्सच्या साखळीत दाखल झाले.

मोठ्या साखळीमुळे तंत्र व सोयी सुधारतात आणि मंदीच्या काळात तग धरण्याची शक्ती येते, हा एकत्रीकरणाचा लाभ होय. उलटपक्षी, एखाद्या शहरातील बहुतेक पडदे एकाच कंपनीकडे गेल्यास तिकिटांचे व खाद्यपदार्थांचे दर, खेळांच्या वेळा व चित्रपटांची निवड यांवर तिचे नियंत्रण प्रस्थापित होते. याची झळ अल्प भांडवलाच्या व प्रादेशिक भाषांतील चित्रपटांना विशेष लागते. गैरसोयीच्या वेळी एखादाच खेळ मिळाल्यास चांगला चित्रपटही प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच उतरतो. बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटांना मोक्याच्या वेळेचे खेळ मिळावेत, यासाठी महाराष्ट्र शासनाला एप्रिल २०१५ मध्ये हस्तक्षेप करावा लागला, तो याच कारणाने. राष्ट्रीय पातळीवरील पडद्यांच्या संख्येत मोठ्या साखळीचा वाटा मर्यादित दिसला, तरी प्रेक्षक चित्रपटासाठी सहसा आपल्या परिसराबाहेर जात नाही. म्हणून एकत्रीकरणाचे मूल्यमापन करताना देशाच्या बाजारपेठेबरोबरच प्रत्येक शहरातील व उपनगरातील स्पर्धेचा विचार करणे अगत्याचे ठरते.