पेटीचा सूर आणि कारागिराचा हात

कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावात हरिनाम सप्ताह असो वा एकादशीचे भजन, टाळ-मृदंगाच्या जोडीला पेटी असतेच. आणि ती गोड वाजते की कर्कश, हे तिच्या आत ओळीने बसवलेल्या छोट्या पितळी पट्ट्यांवर अवलंबून असते, ज्यांना कारागीर ‘सूर’ किंवा ‘रीड’ म्हणतात. जाड पट्टीत अरुंद खाच कोरलेली असते आणि एका टोकाला रिव्हेट मारलेली पातळ जीभ भात्यातील हवेच्या दाबाने त्या खाचेतून आतबाहेर कंप पावते. क्लॅरिनेटची रीड नळ जातीच्या गवतापासून घडवलेली असून ती मुखनळीच्या कडेवर आपटते, आणि तिथे स्वराची उंची मुख्यतः नळीतील हवेचा स्तंभ ठरवतो. पेटीत मात्र प्रत्येक स्वराला स्वतंत्र जीभ असते आणि तिची लांबी, जाडी व ताठपणा यांवरच स्वर ठरतो. त्यामुळे क्लॅरिनेटवादक ओठांच्या दाबाने जी उणीव सावरून घेतो, ती पेटीवादकाला सावरता येत नाही. ती कारागिरानेच आधी दूर केलेली असावी लागते.

एके काळी जर्मनी आणि पॅरिसहून येणाऱ्या सुरांची ख्याती होती. पुढे गुजरातेतील पालिताणा हे सुरांचे मोठे केंद्र झाले. पण नाव कोणतेही असो, पहिली कसोटी खाचेची असते. जीभ आणि खाचेची कड यांत फट जास्त राहिली, तर हवा वाया जाऊन सूर श्वासाळलेला येतो, आणि फट फारच कमी ठेवली, तर धुळीचा एखादा कणही जिभेला अडवतो आणि ती झरझरू लागते. त्यानंतर जिभेचे मोकळे टोक पट्टीपासून किंचित उचलून ठेवावे लागते: ते जास्त उचलले तर सूर उशिरा बोलतो व हवा अधिक खातो, कमी उचलले तर जोरात भाता मारताच गुदमरतो. खर्जाच्या लांब जिभेला हा उठाव अधिक लागतो, टिपेच्या आखूड जिभेला अगदी थोडा, आणि तो डोळ्यांनी, बोटांनी व कानांनीच जोखला जातो.

स्वर मिळवणे हे यानंतरचे काम आहे. टोकाकडे घासले की जिभेचे वजन घटून स्वर चढतो, मुळाशी, म्हणजे रिव्हेटजवळ, घासले की ताठपणा कमी होऊन तो उतरतो. हल्ली यंत्राच्या काट्यावर प्रत्येक सूर अचूक मिळवता येतो, पण समान अंतराच्या सप्तकातला गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाएवढा, चढा असल्याने गायकाच्या षड्जाला धरून ‘गांधार ट्यूनिंग’ करणाऱ्या कारागिराला महाराष्ट्रात आजही मान आहे. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर घातलेली बंदी 1971 पर्यंत टिकली, तिच्यामागे पेटीच्या अशा स्थिर, समान अंतराच्या स्वरांविषयीचा आक्षेप प्रमुख होता.

काटा स्वराची उंची दाखवतो, जीभ किती तत्परतेने बोलते हे दाखवत नाही, आणि घाईने मिळवलेल्या पेट्यांत खरी उणीव तिथेच राहते. खर्ज आणि नर या सुरांच्या दोन संचांतले सूर एकत्र वाजवले असता दोन्ही एकाच क्षणी उठले नाहीत, तर ते काट्यावर कितीही अचूक असले तरी भजनाच्या द्रुत लयीत पेटी मागे पडते. पितळ एकदा घासले की परत येत नाही. वारंवार मुळाशी घासलेली जीभ तिथेच चिरते, म्हणून जाणता कारागीर कानस उचलण्याआधी धूळ व कळंक पुसून, उठाव पुन्हा पाहून सूर ऐकतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच तो जागेवर येतो.