चाकांवरच्या घराची मोरी

जुन्या मोटारींचं वेड असलेल्या माणसाला १९७० च्या दशकातली जीएमसी मोटरहोम दाखवली, तर तो आधी वाकून पुढची चाकं बघतो. आठ फूट रुंद आणि २६ फूट लांब घर पुढच्या चाकांवर ओढलं जातं, हे त्या काळी नवल होतं. इंजिन ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या ऐटबाज गाडीतून उचललेलं, ४५५ घनइंची, म्हणजे साडेसात लिटरचं व्ही-८. गिअरबॉक्सही त्याच्या शेजारी, पुढेच. मे १९७२ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावर ‘ट्रान्स्पो-७२’ हे वाहतूक प्रदर्शन भरलं, तिथे जनरल मोटर्सने ही गाडी लोकांसमोर आणली. मिशिगन राज्यातल्या पॉन्टिअ‍ॅक शहरात ती तयार होई. १९७३ ते १९७८ या मॉडेलवर्षांत सुमारे १२,९०० गाड्या बाहेर पडल्या आणि मग कंपनीने तो धंदाच बंद केला. १९८१ च्या ‘स्ट्राइप्स’ या विनोदी चित्रपटात याच गाडीला चिलखत चढवून लष्करी वाहन केलेलं आहे, त्यामुळे नाव ठाऊक नसलेल्यांनाही ती तोंडओळखीची वाटते.

या गाडीवर भरपूर लिहिलं गेलं आहे आणि त्यातलं बहुतेक इंजिनाबद्दल, मागच्या हवेवरच्या सस्पेन्शनबद्दल, विमानासारख्या अंगलटीबद्दल आहे. तिच्या मोरीबद्दल कौतुकाने कुणी लिहीत नाही. खरं तर गाडी पन्नास वर्षांची झाली की मालकाची झोप उडवण्यात इंजिनाचा वाटा कमी आणि फरशीखालच्या सांडपाण्याच्या टाकीला जोडलेल्या हातभर प्लास्टिकच्या नळाचा जास्त. इंजिनाचे भाग मिळतात, ते उघडून बसवणारे मेकॅनिक मिळतात, कारखान्याची पुस्तकं मिळतात. टाकीचं फिटिंग मुळात दुरुस्त करायचं म्हणून बनवलेलंच नव्हतं.

यात एक गंमत आहे. या गाडीचं जे सर्वांत मोठं यश, तेच मोरीच्या मुळावर आलं. त्या काळच्या इतर मोटरहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर ठेवलेलं खोकं असे. आत जायला पायऱ्या चढाव्या लागत. जीएमसीमध्ये मागे जाणारा शाफ्ट नाही, आडवा अ‍ॅक्सल नाही, म्हणून फरशी रस्त्यापासून जेमतेम १४ इंचांवर आणता आली. एक पाऊल उचललं की माणूस दिवाणखान्यात. पण सांडपाणी पंपाशिवाय, आपल्या वजनानेच उतरतं. त्याला टाकी खाली हवी, टाकीचं तोंड त्याहून खाली आणि तोंडापासून कडेपर्यंतच्या नळाला उतार हवा. नळकाम करणारे दर फुटाला पाव इंच उतार धरतात. फरशीच १४ इंचांवर असेल तर हा सगळा संसार रस्त्याच्या किती जवळ येतो, याचा हिशोब सोपा आहे. उंच ट्रकच्या पोटाखाली जे निर्धास्त लटकतं, ते इथे रस्त्यात पडलेल्या ओंडक्याच्या आणि पेट्रोल पंपाच्या उंचवट्याच्या टप्प्यात येतं.

आता ही व्यवस्था असते कशी ते पाहू. अमेरिकेत संडासातून येणारं ते ‘काळं’ पाणी आणि बेसिन-शॉवरचं ते ‘करडं’. काळ्यासाठी तीन इंची नळ, करड्यासाठी बहुधा दीड इंची. जुन्या गाड्यांत कित्येकदा दोन्हींना मिळून एकच टाकी. टाकीच्या तोंडाशी सरकत्या पात्याचा व्हॉल्व्ह असतो. दोन फ्लँजांच्या मध्ये पातं, त्याच्या दोन्ही अंगांना रबरी सील आणि सगळं चार बोल्टांनी आवळलेलं. दांडा ओढला की पातं सरकतं आणि टाकी रिकामी होते, अर्थात मुक्कामाच्या तळावर ठरवून दिलेल्या विसर्जनाच्या जागी, जाड नळी जोडून. चाळीस गॅलनची टाकी भरली की तिच्यात दीडशे लिटर पाणी असतं, म्हणजे दीडशे किलो वजन. हे वजन खड्ड्याखड्ड्याला उसळी घेतं. टाकीला आवळणाऱ्या लोखंडी पट्ट्या गंजून सैल झाल्या की टाकी हलते आणि कडेला पक्का बांधलेला नळ मात्र हलत नाही. मग त्या दोघांच्या भांडणात मधलं फिटिंग चिरतं, तेही बरोबर टाकीला चिकटलेल्या कडेशी.

मोडण्याच्या आणखी दोन तऱ्हा आहेत. पहिली थंडीची. मिशिगनच्या हिवाळ्यात व्हॉल्व्हच्या खोबणीत वाटीभर पाणी राहिलं तरी ते गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि व्हॉल्व्हचं अंग फोडतं. म्हणून शहाणे मालक गाडी उभी करून ठेवण्यापूर्वी नळांत गुलाबी रंगाचं, प्रॉपिलिन ग्लायकॉलचं न गोठणारं द्रव ओततात. दुसरी तऱ्हा माणसाच्या अधीरपणाची. वर्षानुवर्षं न वापरलेल्या व्हॉल्व्हचे सील सुकून पात्याला धरून बसतात. मालक दांडा ओढतो, हलत नाही. पाय टेकवून ओढतो, तरी नाही. मग सगळं वजन टाकून ओढतो. सील सुटत नाही, फ्लँज सुटतो.

इथून पुढे खरी कारागिरी सुरू होते आणि तिचा पहिला प्रश्न एकच: टाकी कुठल्या प्लास्टिकची? नव्वद टक्के फसलेल्या दुरुस्त्या इथेच फसतात, असं मी म्हणेन. आकडा माझ्या अनुभवाच्या आगाऊपणाचा समजावा. त्या काळच्या टाक्यांत दोन कुळं. एक एबीएस, दुसरं पॉलिएथिलिन. दोन्ही काळी असू शकतात, दोन्ही लांबून सारखीच दिसतात आणि दोघांचा स्वभाव पूर्ण उलटा.

ओळखायच्या खुणा साध्या आहेत. एबीएसची टाकी सहसा तापवलेल्या पत्र्यांतून दोन अर्धुकं ओढून, ती एकमेकांना चिकटवून केलेली असते, म्हणून तिच्या पोटावरून सांधा फिरलेला दिसतो. पॉलिएथिलिनची टाकी साच्यात भुकटी भरून, भट्टीत तो साचा दोन अंगांनी फिरवून घडवतात. तिला सांधा नसतो. नख लावलं तर पॉलिएथिलिन मेणचट लागतं. शंका उरलीच तर कोपऱ्यातून नखाएवढी कपची काढून पाण्यात टाकावी. पॉलिएथिलिन तरंगतं, एबीएस बुडतं. आणखी खात्री हवी असेल तर अ‍ॅसिटोनचा बोळा लावून बघावा. एबीएस लगेच चिकट होतं, पॉलिएथिलिनला त्याचं काही वाटत नाही.

एबीएस निघालं तर मालकाचं नशीब बरं. या प्लास्टिकचं सोल्युशन म्हणजे गोंद नव्हे. त्यातला विद्रावक दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो, ते एकमेकांत मिसळतात आणि विद्रावक उडून गेला की तिथे एकच प्लास्टिक उरतं. त्यामुळे नीट बसलेला सांधा मूळ भिंतीइतका मजबूत होऊ शकतो. चीर असेल तर कसबी माणूस आधी तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडतो, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग कडा तिरप्या घासून, पॉलिश पेपरने आजूबाजूचा भाग खरखरीत करून, एबीएसचा किस अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून केलेली लापशी भरतो आणि वर काचेच्या तंतूंची जाळी लावून पुन्हा लापशीचा हात देतो. घाई केली तर वरचा थर सुकतो आणि आतला मऊच राहतो. किमान एक दिवस थांबायचं, थंडीत त्याहून जास्त. एक सावधगिरी मात्र हवी. एबीएसमधला ब्युटाडाइन हा रबरी घटक ऊन, उष्णता आणि हवेने म्हातारा होतो. पन्नास वर्षांच्या टाकीची भिंत बिस्किटासारखी झालेली असते. नवं फिटिंग बसवायला तिच्यात तीन इंची भोक पाडताना गोल करवत उलटी फिरवावी, म्हणजे दात अडकून भिंत तडकत नाही.

पॉलिएथिलिन निघालं तर सगळं सोल्युशन परत डब्यात. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे प्लास्टिक नव्याने सांगायला नको; गच्चीवरची काळी टाकी याच कुळातली. गुजरातेत कलोलच्या सिंटेक्सने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ती भारतभर पोचवली आणि तिचं बनणंही त्याच फिरत्या साच्यातलं. तिच्या नळाच्या तोंडाशी गळती लागली की आपण एम-सीलची पुडी आणतो, दोन बोटांनी मळतो, थापतो आणि महिन्याभरात तो अख्खा गोळा हातात येतो. कारण पॉलिएथिलिनला सहसा काहीच चिकटत नाही. गल्लीत फिरून टाक्या दुरुस्त करणारा माणूस ज्योत आणि त्याच प्लास्टिकची पट्टी घेऊन येतो, ते उगीच नव्हे. पॉन्टिअ‍ॅकच्या गाडीखाली झोपलेल्या अमेरिकन मालकालाही शेवटी तेच करावं लागतं, फक्त ज्योतीऐवजी गरम हवेची बंदूक असते.

प्लास्टिक वितळवून जोडण्याच्या या वेल्डिंगचा अंदाज हातात यायला वेळ लागतो. पॉलिएथिलिन साधारण १२० ते १३० अंश सेल्सिअसला वितळतं, पण बंदुकीच्या नळीतून हवा त्याच्या दुपटीहून गरम सोडावी लागते. कमी पडली तर कांडी वरवर बसते आणि नखाने निघते. जास्त झाली तर भिंतीला भोक. त्याआधी जुन्या प्लास्टिकची हवेने कुजलेली वरची साल खरवडून काढायची, नाहीतर वितळलेलं वितळलेल्यात मिसळतच नाही. कांडी त्याच जातीची हवी. टाकीच्याच एखाद्या बिनकामाच्या कोपऱ्यातून कापली तर उत्तम. आणि काही टाक्या अशा पॉलिएथिलिनच्या असतात की ज्याचे रेणू एकमेकांत विणलेले आहेत. त्या तापवल्या तर मऊ होतात, करपतात, पण वितळत नाहीत. तिथे वेल्डिंगचा हट्ट सोडावा.

मग रबराकडे वळायचं. टाकीच्या चांगल्या भागात स्वच्छ गोल भोक पाडून त्यात जाड रबरी कडं बसवतात आणि साबणाचं पाणी लावून नळ त्यातून आत दाबतात. नळ जितका घट्ट बसेल तितकं रबर भोकाच्या कडेला आवळतं. वाकड्या भिंतीवरही हे चालतं. कारखान्यात फिटिंग गरगर फिरवून, घर्षणाच्या उष्णतेने टाकीला जोडण्याची पद्धत आहे. सुतारकामाच्या राऊटरला खास टोपी लावून काही जण ते घरच्या गॅरेजमध्येही करतात. पाहायला चित्तथरारक, पण पहिला प्रयोग आपल्या एकमेव टाकीवर करू नये.

जोडणी कशीही झाली तरी मूळ दुखणं, म्हणजे हलती टाकी आणि न हलणारा नळ, तसंच राहिलं तर नवं फिटिंगही जुन्याच्या वाटेने जातं. म्हणून व्हॉल्व्ह आणि कडेच्या तोंडाच्या मध्ये रबरी कपलिंग घालतात, दोन्हीकडे स्टीलचे पट्टे आवळून. गटारांच्या नळांसाठी अशी कपलिंगं करणारी फर्नको ही कंपनी मिशिगनमधल्याच डेव्हिसनची, आणि मोटरहोमच्या संडासांसाठी प्रसिद्ध असलेली थेटफर्ड १९६३ मध्ये अ‍ॅन आर्बरला सुरू झाली. मोटारींची राजधानी आणि मोरीचे कारागीर एकाच राज्यात जमले, याची नोंद मोटारींचे इतिहासकार करत नाहीत.

थेटफर्डचीच एक कल्पना या गाडीच्या वाट्याला आली होती, ती सांगायलाच हवी. ‘थर्मासॅन’ नावाची यंत्रणा जादा पैसे देऊन बसवून मिळे. गाडी महामार्गावर वेगात धावत असताना टाकीतलं द्रव थोडं थोडं एक्झॉस्ट पाइपात सोडायचं आणि तिथल्या उष्णतेने ते जाळून टाकायचं. विसर्जनाची जागा शोधायलाच नको. मागून येणाऱ्या गाडीवाल्यांचं मत कुणी विचारलं होतं का, ठाऊक नाही. आज या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांना त्याचे उरलेसुरले नळ सापडतात आणि बुजवलेली भोकं मोजावी लागतात.

गाडीखाली शिरण्यापूर्वीचा धोका वेगळा. जीएमसीची मागची चारही चाकं हवेच्या पिशव्यांवर तरंगतात. टाकी शेवटच्या थेंबापर्यंत उतरवायला हे सोयीचं, कारण मागच्या पिशव्यांतली हवा कमीजास्त करून गाडी हव्या त्या बाजूला कलवता येते. पण पिशवी गळली तर काही टन वजन खाली बसतं. म्हणून चौकटीखाली लोखंडी घोड्या लावल्याशिवाय कुणी आत जाऊ नये. टाकी आधी पूर्ण रिकामी करून, अनेकदा धुऊन, उघडी ठेवून हवा लागू द्यायची. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड राहिलेले असू शकतात आणि गरम हवेची बंदूक तिथे नेणं म्हणजे आगीला आमंत्रण.

चाचणी टाकी परत चढवण्यापूर्वी, जमिनीवर, काठोकाठ पाणी भरून करावी. रिकाम्या टाकीत तोंडाने फुंकून बघणारे लोक असतात. दीडशे किलोचा भार फुंकरीने कळत नाही. रात्रभर ठेवून खाली पसरलेला कागद सकाळी बघावा. जुनी मोटरहोम विकत घ्यायला निघालेल्यानेही हीच चाचणी विकणाऱ्याच्या अंगणात मागावी. इंजिन तो आपणहून सुरू करून दाखवतो, गादीवर बसवतो, सहाही चाकं मोजून दाखवतो. टाकी भरायला सांगितल्यावर ‘पाण्याचा नळ जरा लांब आहे’ असं उत्तर आलं, तर किमतीची बोलणी तिथूनच सुरू करायला हरकत नाही.