तळमजल्याची ओल आणि मुलांचा दमा

पावसाळा सुरू झाला की वालीव परिसरातील बैठ्या चाळींतून व तळमजल्यांवरून माझ्याकडे येणारी धापेची मुले वाढतात. आया सांगतात, “थंड लादीवर झोपतो, म्हणून छाती भरते.” लादीचा गारवा हा खरा गुन्हेगार नव्हे. ओल्या भिंतीवरची बुरशी आणि दमट गादीत पोसणारे धूळकिडे यांनी श्वासनलिका चिडतात व आकसतात. घरातील ओलीचा दम्याशी संबंध जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ साली नोंदवला आहे.

तेव्हा ओल येते कुठून ते आधी पाहावे. हातभर जाड प्लास्टिक कोरड्या लादीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवसाने खालच्या बाजूस पाणी दिसले तर ओल जमिनीतली. थेंब वरच धरले असतील तर हवेतली वाफ गार लादीवर निवते आहे.

जमिनीतली ओल स्टोव्हच्या वातीतून रॉकेल चढावे तशी चढते. पूर्वीची घरे उंच जोत्यावर असत. आता रस्त्यावर थर चढत जातात आणि घर खाली राहते. जुलै २०१८ च्या पुराने वसईकरांना हे चांगलेच दाखवले. लादी उकरणारच असाल तर दगडी सोलिंगवर जाड प्लास्टिकचा सलग कागद अंथरून, कडा भिंतीलगत वर वळवून, मग काँक्रीट घालायला मिस्त्रीला सांगा. ओल्या लादीवर नवी चकचकीत लादी बसवणे म्हणजे पैसे पाण्यात! ओल भिंतीत चढते.

हवेतल्या वाफेसाठी मात्र लादीवर गारवा अडवणारा थर उपयोगी पडतो. फोमची चटई चालेल, पण रोज उचलून वाळवावी. गालिचा नकोच, त्याखाली बुरशी धरते.

भाड्याच्या खोलीत खोदकाम शक्य नसते. तिथे निदान मुलाला खाटेवर, भिंतीपासून वीतभर दूर झोपवा आणि ओले कपडे खोलीत वाळत घालू नका. बुरशी साबणाच्या पाण्याने पुसा, नाकाला फडके बांधा, मूल बाहेर ठेवा. ब्लीचिंग पावडर वापरलीत तर त्यात ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. आणि लादी सुकली म्हणून डॉक्टरांनी दिलेला पंप परस्पर बंद करू नका.