विकत घेतलेल्या यंत्राची किल्ली

होडी विकावयाची आणि सुकाणू स्वतःपाशी ठेवावयाचे, असा व्यवहार आपल्या किनाऱ्यावर कोणी मान्य करणार नाही. संगणकाच्या बाजारात मात्र तो राजरोस चालत आला आहे.

कार्यप्रणालीला बिनतारी संपर्काच्या चिपशी बोलावयाचे तर ‘ड्रायव्हर’ नावाचा दुभाषी लागतो. तो लिहिण्यास चिपच्या अंतर्रचनेची माहिती हवी. ब्रॉडकॉमने ती लिनक्सच्या प्रोग्रामरांना वर्षानुवर्षे दिली नाही. तेव्हा एका गटाने कंपनीच्या बंद ड्रायव्हरची चिकित्सा करून तपशील लिहून काढले आणि दुसऱ्या गटाने केवळ त्या टिपणांवरून नवा ड्रायव्हर रचला. २००६ साली तो लिनक्सच्या गाभ्यात आला. पुढे अथेरॉसने २००८ साली आणि खुद्द ब्रॉडकॉमने २०१० साली आपल्या नव्या चिपांसाठी खुले ड्रायव्हर प्रसिद्ध केले.

ध्वनिलहरींप्रमाणे रेडिओलहरी कोणीही हव्या तशा सोडू शकत नाही; त्यांवर कायद्याचे बंधन आहे, म्हणून गुप्तता हवी, असा कंपन्यांचा युक्तिवाद असे. तो अगदीच पोकळ नव्हे. परंतु तेच कायदे लागू असताना अथेरॉसला ड्रायव्हर खुला करता आला, हे विसरून चालणार नाही.

लढा मात्र संपलेला नाही. चिपच्या आत चालणारे ‘फर्मवेअर’ बहुधा अद्याप बंदच असते. मुक्ततेचा आग्रह धरणाऱ्या डेबियन प्रकल्पानेही २०२२ साली मतदान घेऊन ते आपल्या अधिकृत स्थापना-संचात घेण्याचे ठरविले. ही तडजोड आम्ही समजू शकतो. ज्याला जाळ्याशी जोडताच येत नाही, त्याला स्वातंत्र्याचा उपदेश काय कामाचा? तथापि तडजोडीला विजय म्हणता येणार नाही.

प्रश्न मूठभर हौशी लोकांचा नाही. कंपनीने लक्ष काढून घेतले की धडधाकट यंत्र निरुपयोगी ठरू शकते, आणि शाळेच्या वा कचेरीच्या संगणकांचा तो भुर्दंड अखेर करदात्याच्याच माथी बसतो. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. ते कागदावर राहू नये असे वाटत असेल, तर सरकारी खरेदीच्या प्रत्येक निविदेत खुल्या ड्रायव्हरची अट असलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. विनवण्यांना न बधणारा विक्रेता मोठ्या गिऱ्हाइकाची अट सहसा डावलीत नाही.