परतीच्या पाण्याची वाट

बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात चार फुटी काचेची टाकी आहे. खालच्या फिल्टर टाकीतून पाणी वर चढवणारा पंप ताशी 3000 लिटरचा, पण वर पडणारी धार अगदीच बारीक. गोल्डफिश पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत होते. पंप बदला, असं जो तो सांगत होता.

कामाला आलेला फिटर इंदापूरकडचा. उजनीच्या फुगवट्यावरून शेतकऱ्यांनी लांब लांब पाईपलाईनी नेल्यात, त्या जोडण्यात त्याची उमेदीची वर्षं गेलेली. त्याने आधी वीस लिटरची बादली मागितली. मी घड्याळ धरलं. बादली भरायला 72 सेकंद लागले, म्हणजे ताशी 1000 लिटर.

"पंपाला काय झालं नाही. नळीनं गळा धरलाय त्याचा," तो म्हणाला.

डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. इथे पाणी सव्वा मीटर चढत होतं, तेही अर्ध्या इंची नळीतून आणि चार एल्बोंमधून. आतला व्यास दीडपट केला, तर तेवढ्याच पाण्याला होणारं घर्षण सुमारे सातपट कमी होतं. त्याने पाऊण इंची पीव्हीसी पाईप घेतला, दोन एल्बो काढून तिथे लांब बेंड बसवले. पंपाजवळ युनियन दिलं, म्हणजे सफाईला पाईप कापायला नको. सोल्युशन लावण्याआधी कापलेल्या कडेचा कीस तो बोटाने चाचपून काढत होता. पाणी वाढणार म्हणून खाली उतरणारा पाईपही मोठा केला. सोल्युशन पुरतं वाळल्यावर तीच बादली 40 सेकंदांत भरली, ताशी 1800 लिटर.

माझ्या मते खरी कसोटी वीज गेल्यावरची. परतीच्या पाईपचं, म्हणजे पंपाकडून वर येणाऱ्या पाईपचं, तोंड वरच्या टाकीच्या पाण्यात 6 सेंटिमीटर बुडालेलं होतं. पंप थांबला की पाणी त्याच वाटेने उलटं खेचलं जातं. 120 बाय 45 सेंटिमीटरच्या टाकीत दर सेंटिमीटरला 5.4 लिटर, म्हणजे 32 लिटर खाली. खालच्या टाकीत जागा जेमतेम वीस लिटरची, आणि शेजारीच विजेचा बोर्ड.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर त्याचा भरवसा नव्हता. शेवाळ, वाळूचा कण अडकला की तो नीट बंद होत नाही. त्याऐवजी पाण्याच्या पातळीखाली दीड सेंटिमीटरवर पाईपला भोक पाडलं. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. आठेक लिटरच उलटं येतं. हे भोकही शेवाळाने बुजतं, म्हणून ते दर आठवड्याला टोकरायचं.

मग त्याने मुद्दाम बटण बंद केलं. पाणी जिथे थांबलं, तिथे खालच्या टाकीला मार्करने रेघ ओढली. पुन्हा पंप सुरू करून उतरलेल्या पातळीला दुसरी रेघ. चालू पंपावर पाणी दुसऱ्या रेघेपर्यंतच भरायचं, हे त्याने वॉचमनलाही दाखवून दिलं, कारण सुट्टीच्या दिवशी टाकीत पाणी तोच घालतो.