चिप अडली, गाडी अडली

2020च्या टाळेबंदीत मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या आणि कारखान्यांची ती क्षमता लॅपटॉप-मोबाइलवाल्यांनी पटकावली. मार्च 2021मध्ये जपानमधल्या नाका इथल्या रेनेसासच्या चिप कारखान्याला आग लागली, उरलीसुरली कसर भरून निघाली. टंचाई पार किल्लीपर्यंत पोचली : ऑक्टोबर 2022मध्ये टोयोटाने जपानमधल्या ग्राहकांना एकच स्मार्ट किल्ली द्यायचं ठरवलं, जोडीला दुसरी साधी, यांत्रिक.

नवल असं, की याच काळात दणकट एसयूव्हींवर उड्या पडल्या. 30 जुलै 2022ला महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग उघडलं आणि अर्ध्या तासात लाखाचा आकडा गाठला गेला. महिंद्राच्याच, नाशिकला बनणाऱ्या थारची अडचण वेगळी. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं तर पुढचं सीट दुमडून आत शिरावं लागतं. आजीला हे जमायचं कसं? पाच दारांची थार रॉक्स 2024मध्ये आली, ती यावरचा उतारा म्हणूनच. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2,450वरून 2,850 मिलिमीटर झालं. 3 ऑक्टोबरला पहिल्या तासात बुकिंग झालं 1,76,218 गाड्यांचं!

गंमत म्हणजे रॉक्समध्ये फोर-व्हील ड्राइव्ह फक्त डिझेलला मिळतो. पेट्रोल रॉक्स मागच्या दोन चाकांवरच चालते. रूप डोंगरातलं, चाल हमरस्त्यावरची. गाडी खरोखर चिखलात घालणार असाल, तर टोकन भरण्याआधी व्हेरिएंटचं नाव नीट वाचा.