एकच रंग बदलायचा झाला तर

मागच्या खेपेला ‘रूप’ या गुणाविषयी बोलताना आम्ही अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तले सात रंग सांगितले होते: पांढरा, निळा, पिवळा, तांबडा, हिरवा, कपिश आणि चित्र. तेव्हा एका श्रोत्याने विचारलं, व्हिडिओतला एकच रंग बदलला तर बाकीचे जागेवर राहतात का? याचं उत्तर आम्हाला आरोंद्यात, घरच्याच माणसांत मिळालं.

आमच्या पुतण्याने भातलावणीचं चित्रण केलं. शेतात वाकलेली शेजारची म्हातारी, मागे जांभ्याचा गडगा. पावसात भिजलेला गडगा इतका तांबडा, की नजर तिथेच जायची. त्याने तांबड्या-नारिंगीची तीव्रता उतरवली. गडगा निवला, पण म्हातारीचं तोंड राखेसारखं झालं. तिची लेक बघून म्हणाली, “ही आमची आवस न्हय.”

असं का झालं? नैयायिकांच्या मते रंग वस्तूत राहतो. पडद्यावर मात्र वस्तूच नाही; प्रत्येक ठिपक्यामागे लाल, हिरवा, निळा यांचे तीन आकडे. त्यावरून यंत्र रंगाचा कोन काढतं: लाल 0 अंश, पिवळा 60, हिरवा 120. जांभा आणि माणसाची कातडी दोन्ही लाल-पिवळ्याच्या मध्ये पडतात. गोरी असो की सावळी, कातडीचा कोन फारसा हलत नाही, बदलतो तो मुख्यतः उजळपणा. म्हणून तर व्हेक्टरस्कोपवर कातडीसाठी एकच रेघ आखलेली असते. यंत्राला गडगा आणि म्हातारी वेगळी दिसलीच नाहीत, बरं का!

1933 साली प्रभातच्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती जर्मनीत छापल्या, त्या मनासारख्या उतरल्या नाहीत. त्या काळी छपाईत रंग बदलायचा तर सबंध दृश्याचाच बदलायचा. आज एकट्या रंगाला हात घालता येतो, तो कुठे घालायचा ते मात्र आपणच सांगायचं.

मग आम्ही दोघं पुन्हा बसलो. आधी सबंध चित्राचा पांढरा रंग जुळवला, कारण ढगाळ उजेडात सगळ्यावरच निळसर झाक होती. हे आधी न करता एकेक रंग ओढत बसणं म्हणजे वाकड्या भिंतीवर तसबीर सरळ करणं. मग कोनाचा पट्टा अरुंद केला आणि अट घातली, फक्त जास्त तीव्र ठिपके धर. तरी गालाचा थोडा भाग सापडलाच, म्हणून गडग्यापुरता मास्क आखला. कडा मऊ ठेवल्या. मोबाईल बहुधा उजळपणा प्रत्येक ठिपक्याचा ठेवतो, रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. निवड कडक केली की कड करवतीसारखी दिसते.

पुतण्याला तरव्याचा हिरवाही गडद करायचा होता. आम्ही नको म्हटलं. रोपांची ती पिवळसर झाक घालवली, तर बघणारा शेतकरी म्हणेल, लावणी होऊन महिना झाला.

लेकीला पुन्हा दाखवलं. ती म्हणाली, “तोंड आता बरा दिसता, पण लुगड्याचो काठ फिको पडलो.” काठ तांबडा होता, आणि म्हातारी उभी राहिली की तो नेमका गडग्यासमोर यायचा. मास्क पुन्हा आखायला घेतला.